लाइट गेलीच नव्हती

मित्रांनो, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात दिवसरात्र घुमत उभा असलेला, दोन दारांचा आणि एका कुशीला जरासा कललेला मी एक जुना फ्रीज आहे. तुमच्या घरीही माझा कुणी भाऊबंद असेलच. त्याचं दार तुम्ही उगाच उघडता, आत डोकावता आणि काही न घेता धाडकन लावता, हे मला चांगलं ठाऊक आहे. आम्ही त्यावर काही बोलत नाही. सांभाळायचं आणि गप्प राहायचं, हेच आमचं काम. पण यंदा माझ्याकडे सांभाळायला दिलेली एक वस्तू माझ्याच पोटात नासली. ती हकीकत तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझा जन्म थायलंडमधल्या एका कारखान्यात झाला. तिथून जहाजाने मी सिंगापूरला आलो आणि क्लेमेंटीतल्या एका दुकानात दाराशीच उभा राहिलो. मला विकत घेतलं ते अभयने. तो पुण्याहून नोकरीसाठी नुकताच आला होता आणि आणखी दोघांबरोबर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायचा. तीन ब्रह्मचाऱ्यांच्या घरात फ्रीजचं काय होतं, ते विचारू नका. माझ्या पोटात अंडी, सॉसच्या बाटल्या आणि कुणीच आपलं म्हणायला तयार नसलेलं नूडल्सचं एक पार्सल, एवढाच ऐवज असायचा.

मग अभयचं लग्न झालं आणि स्मिता आली. आल्या आल्या तिने मला आतून सोड्याच्या पाण्याने पुसून काढलं. विरजणाचं भांडं, निवडलेली कोथिंबीर, मोड आलेली मटकी, भिजवलेली डाळ, सगळं जागच्या जागी लागलं. तेव्हा कुठे मी माणसांतला झालो! पुढे गार्गीचा जन्म झाला आणि आम्ही शहराच्या यिशुन भागात स्वतःच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. सामान हलवताना हमालांनी मला लिफ्टच्या दारावर आपटलं, तेव्हापासून मी हा असा कललेला. पण कामात मी कधी कुचराई केली नाही.

माझं मनापासून कौतुक केलं ते एकाच बाईने. स्मिताची आई, साधनाताई. त्या दरवर्षी बार्शीहून लेकीकडे राहायला यायच्या. दसऱ्याला घरातल्या यंत्रांबरोबर मलाही हळदकुंकू लावायच्या, झेंडूचं फूल वाहायच्या. "फार गुणी आहे गं हा तुझा फ्रीज," त्या स्मिताला म्हणायच्या. "आमचा बार्शीतला म्हणजे नुसतं कपाट. अर्धा दिवस लोडशेडिंग, त्यात तो काय गार होणार?"

लोडशेडिंग म्हणजे काय, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. तिकडे ठरलेल्या वेळी गावाची वीज बंद करत. परत येताना ती कधी एकदम जोरात यायची आणि घरातल्या वस्तू जाळून टाकायची. साधनाताईंच्या फ्रीजचा कॉम्प्रेसर असाच जळला होता. त्यांचे यजमान श्रीनिवासराव शाळेचे मुख्याध्यापक. त्यांनी त्या प्रकाराचा असा धसका घेतला, की लाइट जायच्या आधीच ते घरभर फिरून सगळी बटणं बंद करत, फ्रीजवर गोधडी टाकत आणि लाइट येऊन स्थिर होईपर्यंत कुणाला दार उघडू देत नसत. "बारा वर्षं मी गोधडी पांघरलेल्या फ्रीजबरोबर संसार केलाय," असं सांगून साधनाताई पोट धरधरून हसायच्या. मलाही तेव्हा त्याची गंमतच वाटली होती.

गेल्या वर्षीच्या गणपतीत त्यांनी मोदकांचं सारण केलं. नारळ खवून झाला, गूळ चिरून झाला, वेलदोडे कुटून झाले आणि त्यांनी हात पुढे केला. "खसखस दे गं."

"आई, खसखस इथे चालत नाही," स्मिता म्हणाली. "आणायलाच बंदी आहे. पकडतात!"

"मोदकासाठी पकडतात?" साधनाताई बघतच राहिल्या. मग त्यांनी लेकीला देवाची तयारी करायला बाहेर पिटाळलं आणि खसखशीऐवजी दुसरंच काहीतरी भाजून सारणात घातलं. ते सारण असं काही जमलं, की अभय मोदक मोजायचे सोडून नुसते खात सुटला. श्रीनिवासराव तेव्हा महिनाभरासाठी आले होते. ते म्हणाले, "चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं." तुम्ही घातलंत तरी काय, म्हणून सगळ्यांनी खोदून खोदून विचारलं. साधनाताई कुठल्या सांगायला! "पुढच्या वर्षी शिकवते. मी नुसती बसून सांगेन, तू करायचं," त्या स्मिताला म्हणाल्या. उरलेलं सारण त्यांनी निळ्या झाकणाच्या डब्यात भरलं आणि माझ्या वरच्या, बर्फाच्या कप्प्यात मागच्या बाजूला ठेवून दिलं.

पौष महिन्यात बार्शीलाच साधनाताई वारल्या. सकाळी चहा टाकायला उठल्या आणि तिथेच कोसळल्या, असं मी ऐकलं. स्मिता घाईघाईने गेली आणि परत येताना वडिलांना बरोबर घेऊन आली. आल्यावर दूध ठेवायला तिने माझं खालचं दार उघडलं, मग वरचं उघडलं, आणि निळं झाकण दिसताच माझ्या दाराला डोकं टेकून ती कितीतरी वेळ रडली.

तो डबा मग कुणी हलवला नाही. स्मिताने ठरवून टाकलं, येत्या गणपतीला पहिले मोदक आईच्या सारणाचे करायचे. आणि खाताना जिभेवर नीट घोळवून, आईने काय घातलं होतं ते ओळखायचं. आई शिकवायची राहिली, पण सारण तर आहे ना, असं ती म्हणायची. इकडे अभय मला काढून वीज कमी खाणारा नवा फ्रीज आणायचं म्हणत होता. माझ्या दाराचं रबर सैल झालं होतं, आवाजही वाढला होता. "गणपती होईपर्यंत याला हात लावायचा नाही," स्मिताने बजावलं. त्या डब्याच्या पुण्याईने माझे दिवस लांबले.

श्रीनिवासराव रोज दुपारी, घरात कुणी नसताना, माझ्यापाशी यायचे. गार्गीने दार जरा जास्त वेळ उघडं ठेवलं तर "वीज वाया जाते" म्हणून रागावणारे हे गृहस्थ, स्वतः मात्र वरचं दार उघडून तसेच उभे राहायचे. डब्याला हात लावायचे नाहीत. नुसतं बघायचे, चष्म्यावर वाफ जमली की पुसायचे, आणि दार हलकेच लावून घ्यायचे.

त्याच वर्षी सिंगापूरमध्ये एक नवीन प्रकार सुरू झाला. आपल्या घरची वीज कुठल्या कंपनीकडून घ्यायची, ते ज्याचं त्याने ठरवायचं. बिल्डिंगखाली टेबलं मांडून, रंगीत टी-शर्ट घातलेली मुलं लोकांना थांबवू लागली. अभयने एका छोट्याशा कंपनीचं नाव पक्कं केलं आणि वर एक छत्री फुकट मिळाली म्हणून खूश होऊन घरी आला.

"भाजीवाला बदलावा तशी वीज बदलायची?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"हो बाबा. आपली ही, समोरच्या टॅन आजींची वेगळी. इथे सगळं असंच आहे आता," अभय लॅपटॉपमधून डोकं वर न काढता म्हणाला.

आता मित्रांनो, माझ्या पोटात येणारी वीज मला नाही कळणार तर कुणाला? कंपनी बदलली तेव्हा मला तसूभरही फरक जाणवला नाही. तार तीच, वीजही तीच. फक्त बिलावरचं नाव बदललं. ती कंपनी उद्या बुडाली, तरी जुनी मोठी कंपनी आपोआप पुन्हा बिल पाठवू लागणार होती आणि घरातला दिवा मिणमिणणारसुद्धा नव्हता. हे अभयला माहीत होतं, स्मिताला माहीत होतं. श्रीनिवासरावांना मात्र कुणीच सांगितलं नव्हतं.

आणि झालंही तसंच. जूनच्या सुट्टीत ती कंपनी बंद पडली.

शाळेला सुट्टी म्हणून अभय, स्मिता आणि गार्गी मलेशियाला फिरायला निघाले होते. श्रीनिवासरावांचा व्हिसा काढायचा राहून गेला होता, आणि त्यांना तशी हौसही उरली नव्हती. दारात बॅगा, खाली टॅक्सी, आणि गार्गी बूट घालून, इथल्या 'लाह'वाल्या इंग्रजीत घाई करत नाचत होती. "आजोबा, यू टेक केअर हां! पप्पा, फास्ट लाह, टॅक्सी अंकल वेटिंग!"

तेवढ्यात अभयने फोनवर काहीतरी वाचलं. "घ्या! आपली वीज कंपनी बुडाली. उद्यापासून बंद," तो म्हणाला.

"अरे बापरे! मग?" श्रीनिवासरावांनी विचारलं.

"बघू आल्यावर," असं म्हणत अभय बॅग ओढत लिफ्टकडे गेला. स्मिता मागे वळून म्हणाली, "बाबा, वरचा डबा तेवढा..."

"डोळ्यांत तेल घालून बघतो. तू जा निश्चिंत," ते म्हणाले.

दार लागलं.  श्रीनिवासराव कामाला लागले. त्यांच्या हालचालींत इतक्या महिन्यांनी मी पहिल्यांदाच उत्साह पाहिला. बादल्या, पातेली, गार्गीची पाण्याची बाटलीसुद्धा त्यांनी भरून ठेवली. मेणबत्त्या शोधल्या. देवघरातली काडेपेटी खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी आंघोळ करून ते माझ्यापुढे आले. "आता लाइट जाणार," ते मला म्हणाले. मला म्हणाले की आतल्या डब्याला, ते त्यांचं त्यांनाच माहीत. "घाबरायचं नाही. बार्शीत काय कमी दिवस काढलेत आपण?"

लाइट परत येताना जोरात आली तर मी जळेन, म्हणून त्यांनी माझं बटण बंद केलं. तेवढ्यावर भागलं नाही. बाहेरच्या दारावरची पेटी उघडून, स्टुलावर चढून, घरचा मेन स्विचच त्यांनी खाली ओढला. पंखे थांबले. माझा आवाज थांबला. मग त्यांनी कपाटातून दुलई काढली, मला चहूबाजूंनी गुंडाळली आणि वरून साडीने बांधली. साधनाताईंची इथे राहिलेली साडी होती ती.

आणि ते लाइट यायची वाट बघत बसले.

मी काय करू शकत होतो, सांगा! मला तोंड असतं तर ओरडून सांगितलं असतं, की श्रीनिवासराव, लाइट गेलेली नाही. तुम्हीच बंद केलीत. पण मला तोंड नाही, नुसतं दार आहे. तेही दुलईखाली.

तुम्ही म्हणाल, बाहेर व्हरांड्यातले दिवे चालू होते, शेजाऱ्यांकडे पंखे फिरत होते, मग त्यांना संशय कसा आला नाही? अहो, समोरच्या टॅन आजींची कंपनी वेगळी, हे त्यांना जावयानेच तर सांगितलं होतं. टॅन आजींच्या घरात उजेड दिसला की त्यांना उलट खात्रीच पटायची. त्यांची कंपनी जिवंत आहे, आपली मेली. ते दारात खुर्ची टाकून वर्तमानपत्राने वारा घेत बसले होते, तेव्हा टॅन आजींनी त्यांना बोलावलंसुद्धा. "अंकल, सो हॉट, कम इन लाह. सिट अंडर फॅन."

"थँक यू, थँक यू. आय हॅव टू लुक आफ्टर," असं म्हणून त्यांनी स्वयंपाकघराकडे बोट दाखवलं. आजींना वाटलं असेल, गॅसवर काहीतरी ठेवलंय.

संध्याकाळी स्मिताचा फोन आला. घामाने सदरा अंगाला चिकटला होता, पण आवाजात त्यांनी काही कळू दिलं नाही. "सगळं उत्तम आहे. गार्गीला मजा करू दे," ते म्हणाले. लेकीच्या सुट्टीचा विरस व्हायला नको, एवढाच त्यांचा विचार. एका शब्दाने बोलले असते तरी सगळं वाचलं असतं.

रविवारी माझ्या पायाशी पाणी साचू लागलं. बर्फ वितळायला लागला होता. ते पाणी पाहून श्रीनिवासरावांचा चेहरा उतरला. दार उघडून बघावं, असं त्यांच्या मनात आलं. साडीच्या गाठीवर त्यांचा हात गेला आणि परत मागे आला. लाइट नसताना फ्रीज उघडायचा नाही. उघडला की उरलीसुरली थंडी बाहेर जाते. हा नियम त्यांनी बारा वर्षं पाळला होता. मग ते भर उन्हात खाली उतरले, कॉफीच्या दुकानातून बर्फाच्या पिशव्या घेऊन आले आणि त्या माझ्या डोक्यावर ठेवल्या. तापाच्या पोराच्या कपाळावर घड्या ठेवाव्यात, तशा. बर्फाचं पाणी दुलईत मुरत राहिलं. ते माझ्या अंगावर हात ठेवून म्हणाले, "साधना, जरा धीर धर गं. येईल लाइट."

माझ्या आत तेव्हा सारण मऊ पडलं होतं. ओला नारळ आणि इथली हवा, दोन्ही तुम्हाला ठाऊक आहेत. आधी वेलदोड्याचा घमघमाट सुटला. मग त्यात आंबूस वास मिसळू लागला. दार बंद होतं, म्हणून तो फक्त मला कळला.

मंडळी परत आली ती त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी. गार्गीने दिव्याचं बटण दाबलं. "एह? व्हाय नो लाइट?"

"अगं, कंपनी बंद पडली ना," श्रीनिवासराव आतून लगबगीने आले. तीन दिवसांत ते पार वाळून गेले होते, पण चेहऱ्यावर काम फत्ते केल्याचं समाधान होतं. "काळजी करू नका. फ्रीज मी एकदाही उघडलेला नाही."

अभयने दारावरची पेटी उघडली. "मेन तर बंद आहे," असं म्हणत त्याने स्विच वर केला. घरभर दिवे लागले, पंखे गरगरू लागले.

"आली! लाइट आली!" श्रीनिवासरावांनी लहान मुलासारख्या टाळ्या वाजवल्या.

 अभय अगदी हळू आवाजात म्हणाला, "बाबा, लाइट गेलीच नव्हती."

स्मिताने हातातली पर्स तिथेच टाकली आणि ती धावत स्वयंपाकघरात आली. साडीची गाठ सुटेना, तेव्हा तिने ती दातांनी ओढली. दुलई बाजूला केली आणि वरचं दार उघडलं. वास सगळ्या घरात पसरला. तिने डबा काढला, झाकण उघडलं, आणि मांडीवर डबा घेऊन ती ओल्या फरशीवरच बसली.

"बाबा, कशाला हात लावलात हो तुम्ही?" ती म्हणाली. "एवढं एकच उरलं होतं माझ्याकडे!"

 श्रीनिवासराव वाकले, डब्यातलं चिमूटभर सारण उचलून त्यांनी जिभेवर ठेवलं. नासलेलं, आंबलेलं. डोळे मिटून ते काहीतरी शोधत राहिले. मग मान हलवली. त्यात आता फक्त आंबट चव होती.

त्यानंतर त्यांनी मला कधी हात लावला नाही. तहान लागली तर नळाचं कोमट पाणी प्यायचे. दही हवं असलं तर कुणी वाढेपर्यंत थांबायचे. घरातला दिवा लावतानाही आधी विचारायचे, "लावू का?" स्मिता एका शब्दाने टाकून बोलली नाही, पण पूर्वीसारखं बोलणंही राहिलं नाही. मुख्याध्यापक म्हणून सगळ्या शाळेला शिस्त लावलेला माणूस लेकीच्या घरात पाहुण्यासारखा बसून राहायचा. मला ते बघवत नसे.

गणपती आले. स्मिताने नारळ खवला, गूळ चिरला. खसखशीच्या जागी तिने आधी तीळ भाजून घातले, मग दुसऱ्या घाण्यात चारोळी, मग तांदळाचा रवा. प्रत्येक घाण्याचा मोदक ती वडिलांपुढे ठेवायची. ते खायचे आणि गप्प राहायचे.

"आजोबा, सेम ऑर नॉट?" शेवटी गार्गीनेच विचारलं.

"नाही गं बाळा. छान आहे, पण ते नाही," ते म्हणाले. खोटं बोलणं त्यांना जमलंच नाही.

स्मिताच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती हसली. उरलेलं सारण तिने डब्यात भरलं आणि वडिलांपुढे धरलं. "बाबा, वरच्या कप्प्यात ठेवता का जरा?"

श्रीनिवासरावांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. "नको गं. माझ्या हातून नको," ते म्हणाले.

स्मिताने डबा ओट्यावर ठेवला. त्यांचे दोन्ही हात पाठीमागून पुढे ओढून घेतले आणि ते हातात धरून ती रडू लागली. "तुमचं काही चुकलं नाही हो. आईसाठी तुम्ही जिवाचं रान केलंत. आम्हीच तुम्हाला काही नीट सांगितलं नाही."

"मी विचारायला हवं होतं," ते म्हणाले.

"तुम्ही विचारलं होतंत बाबा," दारात उभा असलेला अभय म्हणाला. "'मग?' असं विचारलं होतंत. मीच थांबलो नाही."

पुढच्या आठवड्यात श्रीनिवासराव बार्शीला परत गेले. माझ्याही जागी आता नवा फ्रीज येतोय. जाण्यापूर्वी तुमच्याकडे एकच मागणं मागतो, आणि ते माझ्यासाठी नाही. माझं रबर बदला, दार हळू लावा, असं मी सांगणार नाही. तुमच्या घरातही कुणी आजोबा असतील, आजी असतील. बाहेरच्या जगात रोज काहीतरी नवीन सुरू होतं आणि रोज काहीतरी बंद पडतं. त्यातली अर्धीच बातमी त्यांच्या कानावर टाकून घाईने निघून जाऊ नका. उरलेली अर्धी बातमी ते आपल्या जुन्या भीतीतून पुरी करतात आणि मग एकटेच तिच्याशी झुंजत बसतात. तेव्हा दोन मिनिटं त्यांच्याजवळ बसा आणि सगळं सांगा. आमच्या घरी तर बोलायचं राहिलं होतं ते एवढंसं वाक्य होतं: "बाबा, लाइट जाणार नाही."